रिव्हेटच्या डोक्यावरची खळी

मी विकत घेतलेल्या विमानाचे दोन्ही पंख सध्या शेडच्या कोपऱ्यात कापून ठेवलेत. ते मीच कापले. त्यातला एकही भाग पुन्हा कुणाच्या विमानाला लागू नये म्हणून मुख्य स्पारसुद्धा, म्हणजे पंखाचा सगळा भार पेलणारा लांब कणा, मधोमध कापला. हे कसं झालं ते सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट बांधलेलं किट घेणारा माणूस बहुतेक माझ्यासारखाच विचार करतो.

ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरी बांधायच्या दोन आसनी, पूर्ण धातूच्या विमानाचं किट टप्प्याटप्प्याने येतं. आधी शेपूट, मग पंख, मग मधलं धड, आणि शेवटी इंजिन, काच, उपकरणं. पत्रा बहुतेक ठिकाणी २०२४-टी३ या अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तो हजारो रिव्हेटनी, म्हणजे टोक ठोकून चपटं करायच्या धातूच्या खिळ्यांनी, जोडायचा असतो. मोठ्या विमानांत हे काम कारखाना करतो, इथे आपण करतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याला दीड-दोन हजार तास सहज लागतात. म्हणजे कित्येक वर्षं. त्या वर्षांत कुणाची बदली होते, कुणी आजारी पडतं, कुणाच्या घरी मूल येतं, आणि किट अर्धवट राहतं. म्हणून अर्धवट किट विकायला निघण्यात गैर काहीच नाही. विकणारी बहुतेक माणसं प्रामाणिक आणि मनातून हळहळणारी असतात. मला भेटलेला माणूस तसा नव्हता, पण बोलायला अगदी तसाच होता.

त्याने सांगितलं की शेपूट आणि दोन्ही पंख त्याने स्वतः पूर्ण केलेत, मधल्या धडाच्या पेट्या अजून उघडलेल्या नाहीत, आणि सोबत एक ओव्हरहॉल केलेलं, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त केलेलं इंजिन आहे. पाठदुखीमुळे आता वाकून काम होत नाही, म्हणून विकतोय. मी बघायला गेलो तेव्हा शेपटाचे भाग टेबलावर मांडलेले होते. इतकं सुबक काम मी क्वचितच पाहिलंय. पत्र्याच्या कडा बोटाला लागत नव्हत्या, रिव्हेटची रांग ताणलेल्या दोरीसारखी सरळ. एका रिबवर, म्हणजे पत्र्याला आतून आकार देणाऱ्या फासळीवर, आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि दोन आद्याक्षरं लिहिलेली होती. ती आद्याक्षरं विकणाऱ्याच्या नावाची नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, ‘मदतीला मित्र होता.’ रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतातच, एक बाहेरून गन धरतो आणि दुसरा आतून बकिंग बार, म्हणजे लोखंडी ठोकळा, दाबून धरतो. त्यामुळे मला ते पटलं.

पंख भिंतीला टेकवून ठेवलेले होते. वरचा पत्रा बंद, खालचा पत्रा बंद, आणि वरून पांढरा रंग. ‘रंगाचंही काम वाचलं तुमचं,’ असं तो दोनदा म्हणाला. काही जण जोडणीआधीच रंग देतात, म्हणून मला खटकलं नाही. आतलं काम कसं झालंय ते बघायला त्याने फोटोंची जाड वही दिली. त्यात उघड्या पंखाचे, स्पारचे, एकेका रिबचे स्वच्छ फोटो होते. मी तासभर ती वही बघत बसलो. शेजारी उभ्या असलेल्या पंखात टॉर्च घालून बघायचं मला सुचलं नाही.

खरं तर अनुभवी माणसाला घेऊन पुन्हा येतो असं मी म्हणालो होतो. त्यावर तो म्हणाला, ‘या की, पण रविवारी दुसरे गिऱ्हाईक पैसे घेऊन येतायत, मी शब्द दिलाय.’ मी तिथेच टोकन दिलं. आठवड्याने उरलेली रक्कम दिली आणि माल उचलला. कागदावर ‘जसं आहे तसं’ असं लिहिलेलं होतं. सही करताना मी ते वाचलं होतं.

दीड महिन्याने ओळखीचे एक काका शेड बघायला आले. त्यांची सगळी हयात विमानांच्या पत्राकामात गेलेली. शेपूट बघून त्यांनी मान डोलावली. मग पंखाजवळ गेले, बुडाशी जिथे तो धडाला जोडला जातो तिथे रंग नीट पोचला नव्हता, तिथे वाकले आणि अंगठ्याने रिव्हेट पुसली. मग पुढची. मग टॉर्च मागितला.

‘खळी कुठंय?’

मला कळेना. त्यांनी मला शेपटाजवळ नेलं आणि रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध असलेला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दाखवला. विमानाच्या सांगाड्यात सर्वत्र वापरतात ती ‘एडी’ रिव्हेट २११७ मिश्रधातूची असते आणि तिच्या डोक्यावर कारखान्यातूनच ही खळी येते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या जवळ जाणारी ११०० धातूची मऊ ‘ए’ रिव्हेट दिसायला तशीच, पण तिचं डोकं सपाट. ती ठोकायला फार सोपी असते, हलक्या हाताने, साध्या हातोडीनेसुद्धा बसते. पण कातरणारा भार झेलण्याची तिची ताकद एडीच्या साधारण एक तृतीयांश. जिथे भार नाही तिथे ती चालते. पंखाच्या रिबला आणि स्पारला ती चालत नाही.

आम्ही थिनर घेऊन पंखाचा एक पट्टा पुसला. रंग खळग्यात भरून बसला असेल अशी आशा मला वाटत होती. रंग निघाला. खाली डोकी गुळगुळीत होती. दुसरा पट्टा पुसला, दुसरा पंख पुसला. चाळीस रिव्हेट मोजल्यावर मी मोजणं सोडून दिलं.

मग बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा आणला. रिबना वजन कमी करण्यासाठी गोल भोकं असतात, त्यातून कॅमेरा आत सरकवला. आतल्या बाजूला ठोकून तयार होणारं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं लागतं. १/८ इंचाच्या रिव्हेटला हे डोकं ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच. आत काही डोकी नाण्यासारखी चपटी झाली होती, काही कुशीवर कललेली होती. भोकं पाडल्यावरच्या धातूच्या कुरळ्या कपच्या तशाच पडून होत्या, म्हणजे कडा घासून साफच केल्या नव्हत्या. एका ठिकाणी भोक पत्र्याच्या काठाच्या इतकं जवळ होतं की काठ फुगून बाहेर आला होता. नियम असा की भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतर हवं. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या फळीच्या, ब्रॅकेटला जे बोल्ट होते त्यांच्या डोक्यावर तीन रेषा होत्या, म्हणजे मोटारगाडीचे बोल्ट. विमानाच्या पोलादी एएन बोल्टच्या डोक्यावर फुली असते.

त्या रात्री मी फोटोंची वही पुन्हा उघडली आणि जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते दिसलं. फोटोंतल्या पंखाला आतून हिरवा प्रायमर होता. माझ्या पंखाला आतून राखाडी. ते फोटो दुसऱ्याच कुणाच्या विमानाचे होते.

बायकोने बोअरस्कोपची चित्रं बघून एवढंच विचारलं, ‘आपण यात बसणार होतो?’ मला उत्तर देता आलं नाही.

किट बनवणारी कंपनी प्रत्येक किटला क्रमांक देते आणि तो कुणाला विकला याची नोंद ठेवते. मी तो क्रमांक कळवला. नोंद तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघाली. त्यांनी त्या घरचा फोन मला दिला नाही, ते योग्यच होतं, पण माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचवला. चार दिवसांनी मूळ मालकाच्या मुलाचा फोन आला. वडील वारल्यावर त्याने सगळं एकत्र विकलं होतं. मी शेपटावरची आद्याक्षरं सांगितली तर तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘ती बाबांचीच. पण पंख? पंखांच्या पेट्या तर आम्ही पॅकबंद दिल्या होत्या.’

म्हणजे मला विकणाऱ्याकडे पंखांच्या न उघडलेल्या पेट्या आल्या होत्या. तशाच विकल्या असत्या तरी चांगली किंमत आली असती. पण ‘पंख तयार’ म्हटलं की जास्त येते, म्हणून त्याने मऊ रिव्हेट घेऊन ते दोन्ही पंख घाईघाईत ठोकून बंद केले आणि रंगाखाली झाकले. मृत माणसाच्या निगुतीने केलेल्या कामाचा त्याने नमुना म्हणून वापर केला. मला पैशांपेक्षा याचा जास्त राग आहे. आणि त्यात बसणारा माणूस मरू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही, कारण झाकायचं काय हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. लॉगबुकमध्ये अनेक वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या. एक सिलिंडर काढून बघितलं तर कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा दांडा, गंजाने खाल्लेली. लायकमिंग ओ-३२० सारख्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसते, इंजिन पडून राहिलं की तिच्यावरचं तेल खाली उतरतं आणि ती आधी गंजते. म्हणजे ते नुसतं पडून होतं, ओव्हरहॉल झालेलं नव्हतं.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही बघून घेतलंत ना?’ नंतर त्याने नंबर बदलला. काढलेल्या रिव्हेट, फोटो, काकांचा लेखी अहवाल आणि मूळ मालकाच्या मुलाचं पत्र लावून मी तक्रार दिली आहे. वकिलाच्या मते ‘जसं आहे तसं’ हे वाक्य जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला संरक्षण देत नाही. पैसे अजून आलेले नाहीत.

रिव्हेट काढून नव्या घालता येतील का, असं अनेकांनी विचारलं. आम्ही तो प्रयत्न केला. पण प्रत्येक रिव्हेट ड्रिलने काढायची म्हणजे भोक थोडं तरी मोठं होणार, आणि इथे मुळातच भोकं वेडीवाकडी होती. स्पारच्या पट्टीत काही भोकं लांबट निघाली तेव्हा आम्ही थांबलो.

आता कुणी मला अर्धवट किट घेण्याबद्दल विचारलं तर मी सांगतो की बंद केलेल्या पंखापेक्षा न उघडलेली पेटी घ्या. झालेलं काम घ्यायचंच असेल तर निदान एका बाजूचा पत्रा उघडा असलेलं घ्या. जाणकार बांधणारे तपासणी होईपर्यंत खालचा पत्रा मुद्दाम उघडा ठेवतात. किटचा क्रमांक आधी मागा, तो कुणाच्या नावावर आहे हे कंपनीकडून स्वतः खात्री करून घ्या, आणि नाव बदलल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. फोटोंच्या वहीत बांधणाऱ्याचे हात, चेहरा, त्याची कार्यशाळा दिसते का ते बघा. या वहीचं महत्त्व नुसतं आठवणींपुरतं नाही. अमेरिकेत अशा विमानाला हौशी बांधणीचं प्रमाणपत्र हवं असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलंय हे दाखवावं लागतं, लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. खोटी वही घेतलीत तर पंख चांगले निघाले तरी कागद अडतो. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केलेल्या ईएए (एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन) या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे अनुभवी सदस्य बांधकाम बघायला विनामोबदला येतात. असा माणूस तुमच्या आवाक्यात असेल तर त्याला सोबत न्या. विकणारा तोवर थांबायला तयार नसेल तर त्याला दुसऱ्या कुणाला विकू द्या. आणि खिशात टॉर्च, भिंग, थोडं थिनर आणि बोळा ठेवा. थिनर लावू देत नसेल तर परत फिरा.

शेपूट मी ठेवलंय. ते खरं आहे. त्यातली प्रत्येक रिव्हेट काकांनी तपासली, सगळ्यांना खळी आहे. नवे पंख पेटीतून आलेत आणि आम्ही दोघं ते बांधतोय, मी गन धरतो, बायको बकिंग बार. मूळ मालकाच्या मुलाला दर महिन्याला फोटो पाठवतो.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एकाला त्याच प्रकारच्या विमानाचे ‘तयार पंख’ दाखवले गेले. त्याने मला वहीतला फोटो पाठवला. आतून हिरवा प्रायमर, मागे लाल शिडी, आणि डाव्या कोपऱ्यात अर्धी दिसणारी निळी खुर्ची. माझ्या वहीतही हाच फोटो आहे, सहाव्या पानावर. तुम्हाला कुणी तो दाखवला तर पैसे देऊ नका.