लिशियन वेचं ‘परमिट’ कुणी विकत असेल तर घेऊ नका

तुर्कस्तानातल्या लिशियन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर चालायला कसलंही परमिट लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच नावाखाली एका भामट्याने माझ्याकडून आणि मावसभावाकडून माणशी ४० युरो उकळले.

ओव्हाजिकजवळ वाट सुरू होते तिथे पिवळी पाटी आहे. साहेब तिथेच उभे होते. खाकी जाकीट, गळ्यात लॅमिनेट केलेलं ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. त्याने नकाशा उघडला आणि फेथिये ते अंताल्या या साधारण ५४० किलोमीटरच्या वाटेवरचे अवशेष पेनाने गोल करून दाखवले. लेतून, क्सॅन्थॉस, पातारा, ऑलिंपॉस. सगळीकडे तिकीट आहे, सुटं काढाल तर महाग पडेल, हे एक परमिट घ्या की शेवटपर्यंत चालतं. आणि जाता जाता हळूच, परमिट नसेल तर दंड होतो.

मेख अशी की यातलं तिकिटाचं बोलणं खरं आहे. या ठिकाणी सरकारी तिकीट असतंच. पातारात तर भग्नावशेष आणि त्यांच्या पलीकडचा तो लांबच लांब वाळूचा किनारा, दोन्ही एकाच तिकिटावर बघता येतात. आम्ही घरून निघताना हे वाचलेलं होतं, त्यामुळे बाकीचंही पटलं. निव्वळ थाप मारली असती तर एवढी पचली नसती.

लेतूनच्या तिकीटखिडकीवर बिंग फुटलं. तिथल्या बाईंनी कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर मोबाइलवर नुसता समुद्राचा फोटो उघडला. त्यांना याचं फारसं नवल वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. आम्ही निमूट तिकिटं काढली. (लेतून मात्र बघाच. देवळांच्या पायांत पाणी साचलेलं, खांबांच्या मध्ये बेडूक आणि कासवं.)

ही वाट म्हणजे जुने रोमन रस्ते, खेचरांच्या आणि शेळ्यांच्या पायवाटा जोडून केट क्लो या ब्रिटिश बाईंनी आखलेली. १९९९ मध्ये ती खुली झाली. तिला फाटक नाही, नाकं नाही. दगडांवर पांढरा-लाल पट्टा दिसला की चालत राहायचं, फुली दिसली की मागे फिरायचं. बरेच अवशेष बघायचे असतील तर परदेशी पर्यटकांसाठी सरकारी म्युझियम पास आहे. तो अशा तिकीटखिडक्यांवर आणि सरकारी संकेतस्थळावर मिळतो, वाटेवर उभ्या माणसाकडे नाही.

पुढे एका वळणावर दुसऱ्या एकाने मातीने माखलेलं ‘प्राचीन’ नाणं तळहातावर ठेवलं. तोवर आम्ही शहाणे झालो होतो. नाणं खोटं असेल तर पैसे बुडाले. खरं असेल तर त्याहून वाईट, कारण तिथल्या १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवास होतो. विमानतळावर बॅगेत सापडलं तर ‘वाटेत विकत घेतलं’ हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

तक्रार करायची तर खेड्यापाड्यांत पोलीस नसतात, जांदार्मा म्हणजे तिथलं निमलष्करी दल असतं. तातडीचा नंबर ११२. आमची तक्रार त्यांनी लिहून घेतली, चहाही पाजला, पण त्या माणसाचा फोटो आहे का म्हणून विचारलं तेव्हा आमच्याकडे फक्त पावती होती. तिच्यावर ना पत्ता, ना कर क्रमांक, नुसता गोल शिक्का.