दोन लायपो बॅटऱ्या, नऊ महिन्यांनंतर: एक फुगली, एक अजून ठणठणीत

जूनमध्ये रागाच्या भरात मी या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला दोन तारे दिले होते. ते आज चार करतो आहे. उरलेला एक तारा का देत नाही, तेही लिहितो.

जानेवारीत मुलाच्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीसाठी 11.1 व्होल्ट, 2200 एमएएचचे, तीन-तीन सेलचे दोन पॅक घेतले. एकच दुकान, एकच दिवस, एकच बनावट. सोबत एक छोटा चार्जर मिळाला. पांढरा बॅलन्स प्लग (प्रत्येक सेलला वेगळी तार असलेला) खुपसायचा, तांबडे दिवे हिरवे झाले की काढायचा, एवढेच त्याचे काम. गावच्या सड्यावर रोज संध्याकाळी गाडी पळायची. एप्रिलपर्यंत कुरकुरीला जागा नव्हती.

मे महिन्यात तीन आठवडे बेळगावला बहिणीकडे गेलो. आल्या आल्या मुलगा गाडी मागणार, म्हणून आदल्या रात्री एक पॅक फुल्ल चार्ज करून माळ्यावरच्या कपाटात ठेवला. दुसरा तसाच अर्धा वापरलेला राहिला, कारण वीज गेली. परत आलो तर फुल्ल केलेला पॅक टम्म फुगलेला. अर्धवट राहिलेला जसाच्या तसा.

मी तडक दुकानात गेलो. वॉरंटी नाही म्हणाले, ते ऐकून घेतले. पण काउंटरवरचा माणूस पुढे म्हणाला, "काका, सुई टोचून हवा काढा आणि वर टेप मारा. सगळे तसेच करतात." हे वाक्य आजही माझ्या डोक्यातून जात नाही. त्या पिशवीत साधी हवा नसते. आतला इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन तयार झालेला वायू असतो, आणि तो इलेक्ट्रोलाइट स्वतः ज्वलनशील असतो. सुई दोन थरांतून आरपार गेली की आतल्या आत शॉर्ट होतो, सेल तापतो आणि तापलेला सेल शेजारच्यालाही पेटवतो. माझ्या जागी एखादा पंधरा वर्षांचा मुलगा असता, तर त्याने घरी जाऊन आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली असती. मी तिथे आवाज चढवला, त्याचा मला पश्चात्ताप नाही. "मग टाकू कुठे?" विचारले, तर म्हणाले कचऱ्यात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, हे सांगितले. कोणी ऐकले नाही.

घरी येऊन दोन तारे लिहिले. मग शांतपणे विचार केला. माल वाईट असता तर दुसरा पॅकही गेला असता. फरक एवढाच होता की एक तीन आठवडे सेलमागे 4.2 व्होल्टवर होता, तोही मेच्या उकाड्यात छपराच्या नळ्यांखाली, आणि दुसरा 3.8 च्या आसपास. फुल्ल भरलेला सेल गरम जागी पडून राहिला की आतली झीज वेगाने होते. माझ्या वडिलांची शिकवण होती की वस्तू नेहमी भरून ठेवावी, पिंप असो की कंदील. लायपोला ती लागू पडत नाही.

म्हणून माझा राग आता त्या चार्जरवर आहे. त्यात स्टोरेजची, म्हणजे पॅक सेलमागे 3.8 च्या आसपास अर्धवट भरून ठेवण्याची, सोयच नाही. फुल्ल करायचे किंवा नाही करायचे, एवढेच. सोबतच्या कागदावरही याबद्दल एक ओळ नाही. तो एक तारा मी यासाठीच कापला आहे. शेवटी पदरचे पैसे घालून स्टोरेज मोड असलेला चार्जर घेतला. पैसे जिवावर आले, पण तो प्रत्येक सेलचा अंतर्गत रोधही दाखवतो (जितका कमी तितका सेल चांगला). फुगलेल्या पॅकचे आकडे 14, 22, 15 मिलिओहम आले, चांगल्याचे 5, 6, 5.

आता चार्जिंग बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर), दोन चिऱ्यांवर पॅक ठेवून, 2.2 अँपिअरने, आणि मी समोर बसलेलो असतानाच. रात्री लावून झोपणे बंद. धावून आलेला पॅक हाताला कोमट लागत असेल तर आधी थंड होऊ देतो. गाडीत व्होल्टेजचा बझर लावला आहे, 3.5 ला ओरडतो. सेल 3 व्होल्टच्या खाली गेला तर तो पुन्हा भरवशाचा राहत नाही. मात्र बझर काम झाल्यावर काढायचा. तसाच राहिला तर तोच हळूहळू बॅटरी पिऊन टाकतो. पॅक ठेवायला डिचोलीहून आणलेले मातीचे मडके आहे. झाकण घट्ट लावत नाही, वायूला वाट हवी. पावसात बॅलन्स प्लगच्या पिना काळवंडल्या आणि चार्जर एका सेलचा आकडा भलताच दाखवू लागला. पिना पुसून कोरड्या केल्यावर तो ताळ्यावर आला.

फुगलेल्या पॅकचे काय केले, ते माझे जूनचे लिहिलेले वाचून दोघांनी विचारले होते. अंगणात, घरापासून लांब, गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब जोडून तो पूर्ण उतरवला. बल्ब विझल्यावरही रात्रभर तसाच ठेवला. मग टोकांना टेप लावून ई-कचरा नेणाऱ्याच्या हातात दिला. मिठाच्या पाण्यात बुडवा असे पुष्कळ जण सांगतात. त्यात बाहेरची टोके आधी गंजतात आणि आत चार्ज राहू शकतो. त्या वाटेला जाऊ नका.

चवथीच्या गडबडीत पुन्हा तीन आठवडे गाडीला हात लागला नाही. आरास काढायला घेण्याआधी आठवणीने पॅक स्टोरेजला लावला होता. परवा मडक्यातून काढून पाहिला: 3.82, 3.81, 3.82, आणि दोन्ही बाजू सपाट.