पुढचे सगळे ट्रॅक एकदम उचलायचे: प्रीमियर प्रो की दाविंची रिझॉल्व्ह?

बडोद्यात नवरात्र संपली की एडिटिंगच्या टेबलावर गरब्याच्या लांबलचक टाइमलाइन (चित्र-आवाजाचे तुकडे, म्हणजे क्लिप, क्रमाने मांडलेली पट्टी; तिच्या एकावर एक ओळी म्हणजे ट्रॅक) येऊन पडतात. पहिल्या व्हिडिओ ट्रॅकवर मुख्य कॅमेरा, दुसऱ्यावर क्रेन, तिसऱ्यावर नावांच्या पट्ट्या आणि खाली मिक्सरचा सलग आवाज. मग आयोजकांचा निरोप येतो: मध्यंतराआधी प्रायोजकाची ३० सेकंदांची जाहिरात घाला. म्हणजे त्या जागेपुढचे सगळे ट्रॅक निवडून ३० सेकंद पुढे ढकलायचे. प्रीमियर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून निवडताना हे एक काम दोन्हींत करून पाहा, बराचसा फरक तिथेच कळतो. खालच्या कळा विंडोजच्या आहेत. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन.

प्रीमियरमध्ये 'ए' दाबले की ट्रॅक सिलेक्ट फॉरवर्ड टूल येते. ज्या क्लिपवर क्लिक कराल तिथपासून पुढचे सगळे ट्रॅक निवडले जातात. शिफ्ट धरून क्लिक केले तर एकच ट्रॅक. तेव्हा कर्सरवरच्या दोन बाणांचा एक होतो, तो बघायची सवय लावा. मागच्या बाजूसाठी शिफ्ट + ए. पण हे टूल आहे, म्हणजे माउस लागतोच. आणि काम झाल्यावर 'व्ही' (साधे निवडीचे टूल) दाबायचे राहिले, तर पुढच्या साध्या क्लिकला अर्धा कार्यक्रम हातात येतो आणि ओढला की सरकतो.

रिझॉल्व्हमध्ये निवड प्लेहेडपासून (टाइमलाइनवर आत्ताची जागा दाखवणाऱ्या उभ्या रेघेपासून) होते, त्यामुळे माउस लागत नाही. वर-खाली बाणांनी कटवर जा. 'वाय' त्याच ट्रॅकच्या पुढच्या क्लिप उचलतो, ऑल्ट + वाय सगळ्या ट्रॅकच्या. मागे जायला कंट्रोल + वाय, सगळ्या ट्रॅकसाठी कंट्रोल + ऑल्ट + वाय. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल + वाय म्हणजे 'रीडू'. इथे रीडू कंट्रोल + शिफ्ट + झेडवर आहे.

खरी गोची मिक्सरच्या आवाजाची. तो तासभराचा एकच तुकडा असतो आणि जाहिरातीच्या जागेच्या आधीच सुरू झालेला असतो. तो न कापता निवड केली तर एकतर अख्खा सरकतो किंवा जागचा हलत नाही. दोन्हींत टाळ्या आणि चित्र यांचा मेळ गेलाच. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेम सरकल्या तरी गरब्याची टाळी चुकलेली दिसते. म्हणून आधी कट, मग निवड. प्रीमियरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + के सगळे ट्रॅक कापतो. नुसता कंट्रोल + के फक्त टार्गेट केलेले, म्हणजे डावीकडे ट्रॅकच्या नावाचे बटण चालू असलेले. रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल + बी, पण आधी कंट्रोल + शिफ्ट + ए दाबून निवड सोडा, कारण एखादी क्लिप निवडलेली असेल तर तेवढीच कापली जाते. शिवाय ऑटो सिलेक्ट (ट्रॅकला अशा कामांत सामील करणारे त्याच्या डावीकडचे बटण) बंद असलेला ट्रॅक कापला जात नाही. लॉक केलेला ट्रॅक तर दोन्हींत मागेच राहतो. पट्ट्या लॉक करून ठेवायची सवय असेल तर आधी कुलूप काढा.

सरकवताना ओढू नका, आकडा टाइप करा. निवड कायम ठेवून +३००० आणि एंटर: ३० सेकंद, शून्य फ्रेम. प्रीमियरला यासाठी न्युमरिक कीपॅड लागतो. तो नसलेल्या लॅपटॉपवर काम करणार असाल तर हा मुद्दा लहान नाही.

लांब कार्यक्रम, वारंवार बदल आणि एकट्याचे काम असेल तर आमचे मत रिझॉल्व्हला. मोफत आवृत्तीतही हे सगळे आहे. मात्र लग्नाचे काम वाटून घेणारा स्टुडिओ आधीच प्रीमियरवर असेल, तर केवळ 'वाय'साठी घर बदलू नका. तिथे प्रोजेक्टची देवाणघेवाण जास्त महत्त्वाची.

बदललात तर बोटे काही दिवस चुकतील. रिझॉल्व्हमध्ये 'ए' म्हणजे साधा सिलेक्शन मोड, आणि 'व्ही' जवळचा कट निवडतो. कंट्रोल + ऑल्ट + के दाबून उघडणाऱ्या कळांच्या खिडकीत प्रीमियरचा तयार कळसंच लावता येतो (ही कळ दोन्हींत तीच). पण मग वर सांगितलेल्या रिझॉल्व्हच्या कळा तशाच राहतील असे धरू नका, त्याच खिडकीत तपासा.

आणि दोन्हींत कळ दाबूनही काहीच होत नसेल तर आधी भाषा बघा: पट्टीवर गुजराती किंवा मराठी नाव टाइप केल्यावर कीबोर्ड तिथेच राहिलेला असतो. विंडोज + स्पेसने इंग्रजीवर आणा, टाइमलाइनवर एकदा क्लिक करा.