टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूएन७२२एन : जुन्या लॅपटॉपवरच्या लिनक्ससाठी घ्यावा का?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वाय-फाय चालेना, की कुणीतरी हमखास सुचवतं, टीपी-लिंकचा ७२२एन हा यूएसबीत लावायचा वाय-फाय डोंगल घे, लावला की चालतो. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. लावताक्षणी चालणारा ७२२एन म्हणजे त्याची पहिली आवृत्ती. तिच्यात अथेरॉसची एआर९२७१ चिप आहे. आवृत्ती २ आणि ३ मध्ये त्या जागी रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, रूप जवळपास तेच, फिरवून निघणारा अँटेनाही तसाच. लिनक्सच्या लेखी मात्र ही दोन वेगळी उपकरणं आहेत. पहिल्या आवृत्तीची शिफारस डोळे झाकून करता येते, ७२२एन या नावाची नाही.

पहिली आवृत्ती इतकी बिनघोर का चालते, याचं कारण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिचा एथ९के-एचटीसी हा ड्रायव्हर २०१० च्या २.६.३५ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, तेही मुक्त स्रोताचं आहे. डेबियन या लिनक्स वितरणात ते मुख्य भांडारात फर्मवेअर-एथ९के-एचटीसी या नावाने मिळतं, उबुंटू आणि मिंटमध्ये लिनक्स-फर्मवेअर पॅकेजबरोबर आधीच आलेलं असतं. वेगळं काही कंपाइल करावं लागत नाही, त्यामुळे कर्नल अपडेट झाल्यावर वाय-फाय गेलं अशी तक्रार येत नाही.

रिअलटेकच्या आवृत्त्यांचं तसं नाही. या चिपचा ड्रायव्हर बराच काळ कर्नलच्या स्टेजिंग विभागात, म्हणजे कच्च्या मालाच्या रांगेत होता. कर्नल ६ च्या मालिकेत तो काढला आणि आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या ड्रायव्हरने ही चिप सांभाळायला घेतली. म्हणजे आज ताज्या कर्नलवर आवृत्ती २ किंवा ३ चालते. अडचण येते ती जुनं कर्नल धरून बसलेल्या प्रणालीवर. तिथे लोक बाहेरून ड्रायव्हर आणून डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) बांधतात, आणि पुढच्या कर्नलला तो बांधला जात नाही. हातात अशी आवृत्ती आधीच असेल तर टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ ही आज्ञा देऊन कर्नल पाहा, ६ च्या खालचं असेल तर आधी नवं कर्नल टाका. फेकायची गरज नाही.

ओळखायचं कसं? मागच्या स्टिकरवर आवृत्ती छापलेली असते, ती १ ने सुरू व्हायला हवी. पण स्टिकरवर भिस्त ठेवू नका, खात्री यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देते. ०सीएफ३:९२७१ दिसलं तर अथेरॉस, २३५७:०१०सी दिसलं तर रिअलटेक. पहिली आवृत्ती आता प्रामुख्याने वापरलेलीच मिळते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुकानातून घेत असाल तर लॅपटॉप आणि लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह सोबत न्या आणि काउंटरवरच हा आकडा पाहून पैसे द्या. ऑनलाइन विक्रेत्याकडे चिपचं नाव लेखी मागा. ‘लिनक्स सपोर्टेड’ या शब्दांवरून काहीच कळत नाही.

आता त्याआधीचा प्रश्न. डोंगलची गरज खरंच आहे का? डोंगल एकाच दुखण्यावर औषध आहे, ते म्हणजे आतल्या कार्डाला धड ड्रायव्हर नसणं. बाकीची दुखणी नव्या डोंगलवरही तशीच राहतात.

सुरुवात ‘आरएफकिल लिस्ट’ पासून करा. वाय-फाय बंद केलंय का ते ती सांगते. सॉफ्ट ब्लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरने बंद, असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ ने सुटतो. हार्ड ब्लॉक, म्हणजे बटणाने बंद, असेल तर लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या पट्टीवर सरकवायचं बारीक बटण असतं ते शोधा, नसेल तर एफएन आणि अँटेनाचं चिन्ह असलेली कळ. काही मॉडेलांत बटण ठीक असूनही एचपी-डब्ल्यूएमआय, एसर-डब्ल्यूएमआय किंवा आयडियापॅड-लॅपटॉप हा मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा सुटा भाग) कर्नलला चुकीची खबर देतो. अशा वेळी नवा डोंगल लावला तरी नेटवर्क मॅनेजर ‘हार्डवेअर स्विचने बंद’ असंच म्हणत राहतो, कारण लॅपटॉपच्या स्विचची खबर तो डोंगलच्या स्वतःच्या स्थितीपेक्षा वरची मानतो. तो मॉड्यूल मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे लोड न करायच्या मॉड्यूलांच्या यादीत, टाकून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. त्या मॉड्यूलवर चालणाऱ्या एखाद-दोन खास कळा बंद पडतील, एवढीच किंमत.

ब्लॉक नसेल तर आतल्या कार्डांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा आणि नेटवर्क कंट्रोलरच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का ते बघा. इंटेल किंवा अथेरॉसचं कार्ड असेल तर ती बहुधा असते. गाडी अडते ती ब्रॉडकॉमवर. २००८ ते २०१० च्या सुमाराच्या कितीतरी लॅपटॉपांत बीसीएम४३१२ हे कार्ड आहे, ओळख १४ई४:४३१५. त्याला बी४३ हा कर्नलमधला ड्रायव्हर लागतो, पण फर्मवेअरशिवाय तो गप्प बसतो. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ मध्ये बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू सापडली नाही अशी ओळ दिसली की निदान पक्कं. डेबियन १२ पासून मुक्त नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, तरी हे त्यात नाही. ब्रॉडकॉमच्या परवान्यामुळे ते वाटता येत नाही, नेटवरून उतरवून घ्यावं लागतं. आणि नेट तर चालतच नाही.

यावर फुकटचा उपाय अँड्रॉइड फोन आहे. केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, लिनक्सला फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. मग डेबियनवर फर्मवेअर-बी४३-एलपीफाय-इन्स्टॉलर हे पॅकेज टाका, बी४३ काढून पुन्हा लोड करा. मिंटवर असाल तर ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरच असतो, ड्रायव्हर मॅनेजर तिथून उचलतो.

ब्रॉडकॉमचाच डब्ल्यूएल हा बंदिस्त ड्रायव्हरही आहे. बीसीएम४३१४२ सारख्या काही चिपना तोच लागतो. पण त्याचा मूळ गाभा २०१५ च्या पुढे सरकलेला नाही, नव्या कर्नलसाठी वितरणवाले त्याला ठिगळं लावत असतात. डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत त्याला येत नाही, म्हणून राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर नेटवर्क दिसूनही जोडलं जात नाही. राउटर डब्ल्यूपीए२ वर आणा. डब्ल्यूएल आणि बी४३ एकाच वेळी लोड होऊ देऊ नका, कार्डावर दोघं हक्क सांगतात आणि एकही चालत नाही. ज्यांच्या नशिबी डब्ल्यूएल आहे, त्यांनीच एआर९२७१ घ्यावा. हे या डोंगलचं खरं गिऱ्हाईक.

जोडणी होते पण दर काही मिनिटांनी तुटते, अशी तक्रार असेल तर आधी पॉवर सेव्हिंग बंद करा. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ ने इंटरफेसचं नाव काढा. डोंगल लावल्यावर ते डब्ल्यूएलॲन० नसून डब्ल्यूएलएक्स आणि पुढे मॅक पत्त्याची बारा अक्षरं असं लांबलचक असू शकतं, म्हणून जुन्या लेखांतल्या आज्ञा तशाच उतरवल्या तर चालत नाहीत. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह’, पुढे ते नाव आणि त्यापुढे ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ अशी आज्ञा द्या. फरक पडला तर कायमचं करण्यासाठी नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरातल्या फाइलमध्ये वायफाय.पॉवरसेव्ह ची किंमत २ ठेवा. उबुंटूत तिथे ३ असतं, ३ म्हणजे चालू.

जोडणी टिकते पण पानं उघडत नाहीत? १.१.१.१ ला पिंग करा. उत्तर आलं आणि नावाने पिंग केल्यावर आलं नाही, तर वाय-फाय निर्दोष आहे, नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस बिघडलाय. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ मध्ये सर्व्हर दिसतो का ते पाहा. आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची चूक दाखवत असेल तर ‘टाइमडेटसीटीएल’ ने तारीख बघा. जुन्या लॅपटॉपची सीमॉस बॅटरी, म्हणजे आतलं घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी, मेलेली असते, घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. बॅटरी बहुधा ३ व्होल्टची सीआर२०३२, पण लॅपटॉपात ती अनेकदा प्लास्टिकच्या वेष्टनात, दोन तारा आणि बारीक कनेक्टर लावलेली येते. नुसती नाण्यासारखी आणली तर बसत नाही. या एका बॅटरीपायी लोक वाय-फाय कार्डं बदलत बसतात, हे पाहून जीव तुटतो.

आता डोंगलची मर्यादा. एआर९२७१ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. राउटरचा २.४ पट्टा बंद असेल तर त्याला काहीच दिसणार नाही. खोक्यावर १५० एमबीपीएस लिहिलंय ते ४० मेगाहर्ट्झ चॅनलचं. इमारतीत सगळ्यांचे राउटर एकमेकांवर ओरडत असताना २० मेगाहर्ट्झच मिळतो, म्हणजे जोडणी ७२ ची आणि हातात साधारण त्याच्या निम्मं. बँकेची कामं, मेल, व्हिडिओ, अभ्यास यांना ते पुरतं. शंभराच्या फायबरचा पुरा वेग हवा असेल तर हे साधन नव्हे. अँटेना मात्र दमदार आहे, दोन भिंतींपलीकडेही सिग्नल धरतो. लॅपटॉपला यूएसबी ३ चे पोर्ट असतील तर यूएसबी २ च्या पोर्टात लावा, किंवा एक मीटरची एक्स्टेन्शन केबल वापरा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो.

पहिली आवृत्ती मिळालीच नाही तर एमटी७६०१यू चिपचा नखाएवढा डोंगल घ्या. ड्रायव्हर कर्नल ४.२ पासून आत आहे. पल्ला कमी, भाव स्वस्त. ५ गिगाहर्ट्झ हवा असेल तर एमटी७६१२यू, कर्नल ४.१९ पासून. ‘ड्रायव्हर-फ्री’ म्हणून विकले जाणारे डोंगल टाळा. त्यातले अनेक आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, ओळख ०बीडीए:१ए२बी, आणि यूएसबी-मोडस्विचने त्यांना जागं करावं लागतं.

लॅपटॉप उघडायची तयारी असेल तर वापरलेलं इंटेल एसी ७२६० मिनी पीसीआयई कार्ड डोंगलपेक्षा सरस आहे. दोन्ही पट्टे, ८६७ एमबीपीएस, आणि ड्रायव्हर कर्नलमधलाच. आधी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कोणती कार्डं चालवून घेतं ती यादी तपासा. कितीतरी थिंकपॅड परकं कार्ड दिसलं की १८०२ ची चूक दाखवून थांबतात, एचपीचे काही १०४ ची. आतली अँटेनाची तार काढताना ओढू नका, कनेक्टरखाली नख घालून सरळ वर उचला.

डोंगल लावल्यावर आतलं ब्रॉडकॉम कार्ड तसंच चालू ठेवू नका. दोन्ही एकाच राउटरला जोडली गेली की कोणत्या वाटेने डेटा जातो ते कळत नाही आणि रेंगाळणाऱ्या कार्डाचा दोष डोंगलच्या माथी येतो. बी४३ किंवा डब्ल्यूएल ब्लॅकलिस्ट करा, किंवा दोन स्क्रू काढून कार्ड सरळ बाहेर घ्या आणि सुट्या तारांच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावा.