पापडाच्या दुकानात बिलाचं मशीन, सहा महिन्यांनंतर

पंचवटीत माझं पापड-कुरडया-लोणच्यांचं छोटं दुकान आहे. दिवाळीपासून मोबाईलवरचं बिलिंग ॲप आणि ५८ मिलिमीटरचा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर वापरतेय. शाईचा खर्च नाही, उष्णतेने कागदच काळा होतो. पण त्यामुळेच उन्हात राहिलेलं बिल फिकट पडतं. म्हणून उधारीची बिलं मी व्हॉट्सॲपवरही पाठवते.

खरा फायदा साठ्याचा. नागलीचे पापड सगळ्यात जास्त खपतात असं मी दहा वर्षं धरून चालले होते. महिन्याचा हिशेब पाहिला तर पुढे कुरडया! यंदा वाळवणाआधी ती यादी पाहूनच गहू भिजत घातले. नागलीचं पीठ पडून राहिलं नाही, याचं फार समाधान वाटलं.

‘नेटशिवाय चालतं’ असं सांगून ॲप दिलं होतं. रामकुंडावर गर्दी होती त्या दिवशी नेटवर्क गेलं आणि ते उघडेचना. सगळं वहीत लिहिलं, रात्री भरलं. घेण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून बिल काढून बघा.

माझी जीएसटी नोंदणी नाही, म्हणून बिलावरची कराची ओळ आधी बंद केली. नोंदणीशिवाय तो कर आकारता येत नाही, आणि ॲपमध्ये ती ओळ आपोआप चालू होती.

बॅटरी दिवसभर पुरते. २०२७ च्या सिंहस्थासाठी दुसरा प्रिंटर घेणार आहे, हाच.