गंगापूर रोडवरचं फॅमिली चेकअप पॅकेज: बाकी सगळं छान, पण ताणाचा रिपोर्ट वय बघतच नाही

रेटिंग ५ पैकी ३.

गंगापूर रोडच्या एका हेल्थ चेकअप सेंटरला आम्ही तिघांचं फॅमिली पॅकेज केलं, मी, माझे सासरे आप्पा (वय ७४) आणि बारावीतली मुलगी. रक्त, शुगर, ईसीजी याबद्दल काही तक्रार नाही, सॅम्पल घेणारी मुलगी इतकी हलक्या हाताची की आप्पांना सुई टोचलेली कळलीपण नाही, बेसमेंटला पार्किंगही आहे. मला लिहायचंय ते पॅकेजमधल्या 'मानसिक ताण तपासणी'बद्दल, कारण आता नाशिकमध्ये बरेच जण घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन असली पॅकेजेस करतायत.

तपासणी म्हणजे टॅबवरचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली. २००१ पासून जगभर वापरतात आणि प्रश्नावली म्हणून चांगलीच आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७, आणि १० किंवा वर गेलं की डॉक्टरांनी नीट बघावं असं साधारण धरतात. सेंटरने तिघांना तोच फॉर्म दिला, तोच कटऑफ लावला आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तिघांचे बार शेजारी शेजारी छापले. आप्पा ११, लाल. मी ७, पिवळा. मुलगी ४, हिरवा. खाली वाक्य, कुटुंबात सर्वाधिक ताण ज्येष्ठ सदस्याला. आप्पा ते वाचून घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता ते ११ आले कुठून बघा. झोपेला ३, कारण प्रोस्टेटमुळे रात्री तीन-चारदा उठावं लागतं. थकव्याला ३. भुकेला २, नवीन कवळी बसत नाहीये म्हणून जेवण कमी झालंय. हालचाल मंदावली त्याला २, गुडघे. लक्ष लागत नाही १, मोतीबिंदूमुळे पेपर धड वाचता येत नाही. आणि 'उदास वाटतं' शून्य, 'कशात रस वाटत नाही' तेही शून्य! ह्याच प्रश्नावलीवरून नैराश्याचा अंदाज बांधायची जी मूळ रीत आहे तिच्यात ह्या दोनपैकी एक तरी त्रास निम्म्याहून जास्त दिवस असावा लागतो, नुसती बेरीज करून भागत नाही.

पण म्हणून म्हाताऱ्यांच्या फॉर्ममधून शरीराचे प्रश्न सरसकट काढून टाका असंही मी म्हणणार नाही, कारण आप्पांच्या पिढीतला माणूस उदास वाटतं का विचारलं तर मान हलवून नाही म्हणतो आणि मग दहा मिनिटांनी अंग गळून जातं, जेवण जात नाही असं सांगतो, तेच त्याचं सांगणं असतं. तेव्हा शून्य खरंच शून्य आहे का हे बोलूनच कळणार.

मुलीचं बरोबर उलटं. तिचा बार हिरवा, पण बारावी आणि नीट दोन्हीच्या ओझ्याने ती हल्ली साध्या बोलण्यावर अंगावर येते, दार आपटते, मैत्रिणींचे फोन घेत नाही. ह्या वयात त्रास बऱ्याचदा चिडचिडीतून दिसतो आणि मोठ्यांच्या पीएचक्यू-९ मध्ये चिडचिडीचा प्रश्नच नाही. किशोरवयीन मुलांसाठी ह्याच प्रश्नावलीचं बदललेलं रूप आहे, त्यात तो आहे. वर फॉर्म भरताना मी तिच्या शेजारी बसलेले, शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा, आईसमोर कोण खरं लिहिणार? आप्पांचा फॉर्म तर रिसेप्शनवरच्या मुलाने मोठ्याने प्रश्न वाचून भरला, चार लोक ऐकत होते.

ज्येष्ठांसाठीही वेगळी प्रश्नावली आहे, जीडीएस, १९८० च्या दशकात केलेली, हो-नाही उत्तरांची, मूळ ३० प्रश्न आणि छोटी १५ ची, आणि तिच्यात शारीरिक त्रासाचे प्रश्न मुद्दामच जवळपास ठेवलेले नाहीत. पण मग जीडीएसचा आकडा पीएचक्यूच्या शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हेही खरं. वेगवेगळ्या वयांचे आकडे एकमेकांशेजारी मांडायचे तर आधी हे तपासावं लागतं की मनाचा त्रास सारखाच असलेला विशीतला आणि सत्तरीतला माणूस त्या एकेका प्रश्नाला सारखंच उत्तर देतात का. थकव्याच्या प्रश्नाला सत्तरीतला उगाच जास्त मार्क घेत असेल तर तो प्रश्न ताणाबरोबर वयही मोजतोय. मोजमापाच्या अभ्यासात ही तपासणी नेहमीची आहे, पॅकेज विकणाऱ्याने ती स्वतः करावी असं नाही, पण निदान तिघांचे बार एका पानावर छापू नयेत.

आता जे आवडलं ते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट समजवायला समुपदेशक ताई होत्या, त्यांनी बार बाजूला ठेवला आणि आप्पांना आधी विचारलं, काका, रात्री कशाने उठता? मग सकाळी गोदापार्कला जाता का, भजनी मंडळ चालू आहे का, कोणाशी बोलता, आजींची आठवण येते तेव्हा काय करता. अर्धा तास बोलल्या. शेवटी म्हणाल्या मला ह्यात नैराश्य दिसत नाही, आधी युरॉलॉजिस्टकडे जा आणि कवळी घासून घ्या. मुलीला त्यांनी एकटीला आत बसवलं, मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि नंतर ती आपणहून म्हणाली मला परत यायचंय. ३ स्टार आहेत ते सगळे ताईंचे.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंगलाच विचारा, कोणत्या वयाला कोणती प्रश्नावली देता, फॉर्म एकट्याने भरायला खोली आहे का, आणि नुसता एकूण आकडा न देता प्रत्येक प्रश्नाचे मार्क देता का. आम्हाला ते वेगळे मागून घ्यावे लागले. आणि शेवटच्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण बेरीज हिरवी असली तरी त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. सेंटर बंद असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून चालू, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं.