गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय: पावसाळा ते उन्हाळा वापरून पाहिल्यावर

आम्ही कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. वय साठीच्या पुढे. एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची झीज दिसली, उजव्याची जास्त. ऑपरेशनचं इतक्यात नाव काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. पित्ताच्या त्रासामुळे वेदनाशामक गोळ्या मला रोज चालत नाहीत. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून जे घरच्या घरी जमतं ते नेमानं केलं.

सुरुवात तेलापासून, कारण भेटेल तो तेच सांगतो. आधी साधं तिळाचं तेल, मग महानारायण तेल. महानारायण तेलाचा आधारही तिळाचं तेलच असतो, आणि मला तरी दोन्हींत वासाखेरीज फरक जाणवला नाही. कोमट करून दहा मिनिटं चोळलं की आखडलेपणा सुटतो आणि तास-दीड तास बरं वाटतं. पुढे पाढे पंचावन्न. “वंगण संपलंय, तेल लावा” असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण सांध्यातलं वंगण सांध्याच्या आतल्या अस्तरातून तयार होतं. बाहेरून चोळलेलं तेल तिथवर जात नाही. आराम मिळतो तो उबेनं आणि चोळण्यानं. तेलकट पायांनी फरशीवर चालू नका, एवढं मात्र नक्की सांगेन.

शेक मला तेलापेक्षा जास्त लागू पडला. थंडीत सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं लाकडासारखी पडायची. गरम पाण्याची रबरी पिशवी पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवली की गुडघा वाकायला लागायचा. गावाकडून निर्गुडीचा पाला यायचा तेव्हा तो तव्यावर गरम करून बांधला. ऊब छान धरतो, पण पिशवीपेक्षा वेगळी जादू दिसली नाही. गुडघा सुजून हाताला गरम लागत असेल तर मात्र शेकायचं नाही, तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ बरा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असलेल्यांनी पिशवीबाबत फार जपावं. भाजलेलं कळतही नाही.

आता मुख्य गोष्ट. फिजिओथेरपीच्या मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “काकू, शेक घ्या, तेल लावा, पण लगेच व्यायामाला बसा. सांधा सैल झालेला असतो तो वेळ वाया घालवू नका.” मांडीचा पुढचा स्नायू दणकट असेल तर चालताना, जिना उतरताना गुडघ्याला सावरून धरतो. दुखतं म्हणून आपण हालचाल कमी करतो, त्यानं नेमका तोच स्नायू बारीक होतो आणि गुडघा आणखी दुखतो. व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच अंक मोजून सोडायची. उताणं झोपून एक पाय गुडघ्यात दुमडायचा आणि दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं. यातलं खुर्चीचं प्रकरण सगळ्यात जड गेलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता, उलट मांड्या भरून यायच्या. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशीही ठणका वाढलेला राहिला तर संख्या कमी करायची, असा तिचा नियम. दिवाळीच्या आसपास लक्षात आलं की जिना उतरताना आपण कठडा धरलेला नाही.

जिन्याचंही तंत्र आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे ऐकून माझे यजमान हसले होते, करून पाहिल्यावर हसायचे थांबले.

वजन थोडं उतरलं, फार नाही. गुडघ्याची झीज आणि जास्त वजन असलेल्या वयस्कर माणसांवरचा 2005 सालचा एक अमेरिकी अभ्यास सांगतो, की एक किलो वजन कमी झालं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं घटतो. म्हणून रात्रीचा भात सोडला. तांबडा-पांढरा रस्सा सोडलेला नाही.

घरातले बदल कुणी उपाय म्हणून मोजत नाही, माझ्या मते ते मोजावेत. विळी जमिनीवरून उठली, आता भाजी ओट्याशी उंच स्टुलावर बसून सुरीनं चिरते. कमोड बसवला. पूजा खुर्चीवर बसून करते. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे! उकिडवं बसणं आणि मांडी घालणं थांबल्यावर संध्याकाळची कुरकुर बरीच कमी झाली.

हळदीचं दूध महिनोन्महिने प्यायले. चव आवडते, झोप लागते, गुडघ्याला काही कळलं नाही. ज्याचं कौतुक होतं ते करक्युमिन हळदीत साधारण तीनच टक्के असतं, आणि तेही पोटातून फारसं शोषलं जात नाही. कॅप्सूल घेतली नाही, कारण रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती विचारल्याशिवाय घेऊ नये म्हणतात आणि माझी ती गोळी चालू आहे. सांध्यांसाठी म्हणून गोळ्यांत मिळणारं ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. 2006 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्या पैशांत प्रत्यक्ष खेकडे आणावेत. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना तर हातही लावू नका. दोन दिवसांत चमत्कार घडवणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

हे सगळं झिजेच्या गुडघ्यांपुरतं. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे तेल-शेकात महिने घालवू नका. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचू शकतात.

माझं अजून मांडी घालून बसणं होत नाही आणि लांबच्या बस प्रवासानंतर उठताना दोन मिनिटं जातात. सध्या पाय उचलताना घोट्याला वजन बांधायला सांगितलंय. दुकानातलं महाग वाटलं, म्हणून नातवाच्या जुन्या जीन्सच्या पायात अर्धा किलो वाळू भरून पट्टी शिवली. शिवण दुहेरी घाला, नाहीतर वाळू गादीवर येते.